विज्ञानाच्या वहीत मुलांचे स्वतःचे लेखन हवे

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

राज्यात राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला अनुसरून पहिलीपासून टप्प्याटप्प्याने नवा अभ्यासक्रम आणि नवी पाठ्यपुस्तके येत आहेत. वरच्या वर्गांची विज्ञानाची पुस्तके तयार होताना त्यांत कोणते धडे असावेत आणि कोणते वगळावेत, विषय मराठीतून शिकवावा की इंग्रजीतून, यावर चर्चा होईल आणि ती व्हायलाही हवी. त्या चर्चेत सहसा न येणारा एक मुद्दा मांडण्यासाठी मी हे पत्र लिहीत आहे. विज्ञानाच्या तासाला मुले काय वाचतात आणि काय पाठ करतात याची आपण पुष्कळ काळजी घेतो. पण ती काय लिहितात, कशी लिहितात आणि त्या लिहिण्यातून त्यांना विषय उमगतो की नाही, याचा विचार फार कमी होतो. यवतमाळ जिल्ह्याच्या कापूसपट्ट्यातील एका खेड्यात मी उच्च प्राथमिक आणि माध्यमिक वर्गांना विज्ञान शिकवते. शिकवण्याच्या ज्या ज्या साधनांचा मी आजवर उपयोग केला, त्यांत मुलाने पुस्तक मिटून स्वतःच्या शब्दांत लिहिलेल्या सात-आठ ओळींइतके उपयोगी साधन मला दुसरे आढळलेले नाही.

यावर कोणी म्हणेल की आमची मुले तर दिवसभर लिहीतच असतात. ते खरेच आहे. फळ्यावरची प्रश्नोत्तरे उतरवून घेणे, धड्याखालचा स्वाध्याय गाइडमध्ये पाहून लिहिणे, ‘शास्त्रीय कारणे लिहा’ या प्रश्नाची ठरलेली दोन वाक्ये परीक्षेपर्यंत गिरवत राहणे, प्रात्यक्षिकाच्या छापील जर्नलमधील रिकाम्या जागा शेजारच्याच्या जर्नलवरून भरणे, हे सारे लेखनच आहे आणि त्यात वह्यांमागून वह्या संपतात. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण आणि निष्कर्ष हे पाच मथळे आमच्या मुलांना झोपेतून उठवले तरी सांगता येतील. मात्र निरीक्षणाच्या रकान्यात काय लिहायचे हे प्रयोगाच्या आदल्या दिवशीच ठरलेले असते आणि निष्कर्ष तर छापूनच आलेला असतो. लिटमसचा कागद प्रत्यक्षात कोणत्या रंगाचा झाला, हे पाहण्याची गरजच मग उरत नाही. ग्रामीण शाळांत प्रयोगाचे साहित्य अपुरे आहे ही तक्रार रास्त आहे आणि ती मीही अनेकदा केली आहे. परंतु जिथे साहित्य आहे तिथेही वही प्रयोगाच्या आधीच पूर्ण होत असेल, तर नुसते साहित्य वाढवून फारसे काही साधणार नाही.

एक उदाहरण सविस्तर सांगते. बाष्पीभवनामुळे थंडावा निर्माण होतो, हे वाक्य आमच्या शाळेतील आठवीच्या कोणत्याही मुलाला येते, आणि रांजणातले पाणी गार का राहते याचे उत्तरही ते बिनचूक देते. एप्रिल लागला, घरोघरी कुलर निघाले, त्यांच्या जाळीत नवे गवत भरले जाऊ लागले, तेव्हा मी वर्गाला एवढेच सांगितले की आपल्या घरचा कुलर खोली गार कशी करतो ते लहान भावंडाला समजेल असे लिहा. कुलर बाहेरची थंड हवा आत ओढतो, असे बऱ्याच मुलांनी लिहिले. एका मुलाने तेच वाक्य लिहून त्याखाली ‘पन बाहेर तं ऊन हाये’ असे लिहिले आणि तो तिथेच थांबला. पुढची ओळ त्याने लिहिली, खोडली, पुन्हा लिहिली आणि पुन्हा खोडली. तास संपला तेव्हा त्याच्या पानावर दोनच वाक्ये शिल्लक होती. परीक्षेच्या हिशेबाने त्या पानाला काहीही गुण मिळाले नसते. मला मात्र त्या दिवशीच्या सर्व वह्यांत ते पान मोलाचे वाटले, कारण बाष्पीभवनाची व्याख्या तोंडपाठ असूनही आपल्याला कुलर कळलेला नाही, हे त्याचे त्याला समजले होते. तोंडी उत्तरात हे क्वचितच घडते. बोललेले वाक्य विरून जाते, शिक्षक मान डोलावतात आणि मूल खाली बसते. कागदावर एका वाक्याखाली दुसरे वाक्य आले की त्या दोघांचे आपसात जुळते की नाही, हे लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर राहते आणि त्याला ते टाळता येत नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच अडलेल्या ओळीवरून आम्ही पुढे गेलो. दोन तापमापी घेतल्या, एकीच्या फुग्याला ओली चिंधी गुंडाळली, दुसरी कोरडी ठेवली आणि दोन्ही व्हरांड्यात वारा लागेल अशा टांगल्या. ओल्या तापमापीतील पारा मुलांच्या देखत खाली येत गेला, आणि भर दुपारी दोन्ही वाचनांतील फरक पंधरा अंशांच्या आसपास पोहोचला. शाळा उघडल्यावर, जुलैत झड लागली असताना, नव्या वर्गात गेलेल्या त्याच मुलांनी तीच जोडी पुन्हा टांगली, तेव्हा फरक जेमतेम दोन-तीन अंशांचा भरला. पावसाळ्यात कुलर लावला तर खोली गार होण्याऐवजी अंग चिकट का होते, हा विदर्भातल्या प्रत्येक घराचा अनुभव मुलांच्या हाती आता आकड्यांसह आला होता. पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते, उकळत्या पाण्यासाठी ती दर ग्रॅमला ५४० कॅलरी असते आणि तिला बाष्पनाचा अप्रकट उष्मा म्हणतात, हे दहावीच्या पुस्तकात येते. कुलरच्या ओल्या गवतावरचे पाणी ही उष्णता त्यातून वाहणाऱ्या हवेकडूनच घेते, म्हणून हवा गार होते. हवेत आधीच भरपूर बाष्प असेल तर बाष्पीभवन मंदावते आणि हवेकडून घेतली जाणारी उष्णताही घटते. एप्रिलमध्ये दोन वाक्यांवर अडलेल्या त्या मुलाने जुलैत लिहिले, ‘पानी उडते तं गरमी संगं नेते. पन हवेत जागा पाहिजे.’ हवेतली ‘जागा’ ही कल्पना शास्त्रीयदृष्ट्या काटेकोर नाही, आणि संपृक्त, म्हणजे बाष्पाने पूर्ण भरलेली, हवा शिकवताना ती दुरुस्त करावी लागलीच. तरीही दोन घटनांना जोडणारे कारण त्याने स्वतः शोधून स्वतःच्या वाक्यात बसवले होते, आणि मला दुरुस्ती करण्यासाठी एक नेमकी जागा मिळाली होती. गाइडमधून उतरवलेल्या निर्दोष उत्तरात शिक्षकाला अशी जागा कधीच सापडत नाही.

त्या मुलाने ही वाक्ये वऱ्हाडीत लिहिली, याचाही येथे विचार व्हावा. ‘पानी’ आणि ‘पन’ यांवर लाल शाईने गोल केले असते, तर पुढच्या आठवड्यात त्याने पुस्तकातली शुद्ध वाक्ये उतरवून दिली असती आणि त्याचे डोके कुठे अडते आहे हे मला कळण्याचा मार्ग बंद झाला असता. प्रमाण मराठी आणि पारिभाषिक संज्ञा मुलांना आल्याच पाहिजेत, त्याविषयी माझे दुमत नाही. दहावीच्या उत्तरपत्रिकेत ‘बाष्पीभवन’ लिहावे लागते, ‘पानी उडते’ लिहून भागत नाही. परंतु ते दुसऱ्या खर्ड्याचे काम आहे. पहिला खर्डा विचार करण्यासाठी असतो आणि मूल ज्या भाषेत विचार करते त्या भाषेत तो लिहू द्यावा. आमच्या जिल्ह्यात घरी कोलामी किंवा गोंडी बोलणारी मुले आहेत, मेळघाटात कोरकू बोलणारी आहेत, पूर्वेला झाडीबोली आहे. या मुलांना विज्ञान जमत नाही, असा शेरा अनेकदा घाईने मारला जातो. प्रत्यक्षात त्यांना जे दिसले आणि समजले ते मांडण्याची संधीच त्यांना मिळालेली नसते.

आमच्या भागात कीटकाचे जीवनचक्र हा धडा पुस्तकाबाहेर किती मोठा आहे, हे वेगळे सांगायला नको. अंडी, अळी, कोष आणि पतंग ही चार नावे मुले एका दमात म्हणतात. बीटी कापसाला, म्हणजे बोंडअळीला मारणारे जनुक घातलेल्या कापसाला, देशात २००२ मध्ये मान्यता मिळाली, पुढे २००६ मध्ये दोन जनुकांचे वाण आले, आणि २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भातील कापूस उत्पादकांचे केवढे नुकसान केले ते येथील प्रत्येक घराला ठाऊक आहे. त्या अळीचे नाव घरात रोज घेतले जात असतानाही तिचे जीवनचक्र आणि शेतातले तिचे वागणे यांचा संबंध मुलांच्या मनात जुळलेला नसतो, हे त्यांच्या लेखनावरून स्पष्ट दिसले. शेतात एकरी दोन कामगंध सापळे लावतात, त्यांचे काम काय, असे घरच्यांना उद्देशून लिहायला सांगितले, तेव्हा सापळ्यात अळ्या अडकतात असे अनेकांनी लिहिले. त्यानंतर आम्ही शाळेशेजारच्या वावरातून डोमकळ्या तोडून आणल्या, म्हणजे पाकळ्या एकमेकींना चिकटून मिटलेली राहिलेली ती फुले, आणि वर्गात उघडल्या. आत लहानशी अळी बसलेली होती. सापळ्यातले मेलेले पतंगही आणले आणि भिंगाखाली पाहिले. सापळ्यातील ल्युरला, म्हणजे आमिषाला, मादी पतंगाच्या गंधासारखा गंध असतो, म्हणून त्यात फक्त नर येतात, एवढी माहिती मी दिली आणि पुन्हा लिहायला सांगितले.

सातवीतल्या एका मुलीने या वेळी ओळीने असे मांडले की बोंड खाते ती अळी, अळी येते अंड्यातून, अंडी घालते मादी, आणि सापळ्यात तर मादी सापडतच नाही. आणि शेवटी तिने विचारले, ‘मंग सापळा लावाचा कायले?’ हा प्रश्न पुस्तकात नाही आणि तो मी विचारायला सांगितलेला नव्हता. एकापुढे एक चार वाक्ये लिहीत गेल्यामुळे ती त्या प्रश्नापर्यंत आली. त्याचे उत्तर असे आहे की एवढ्या थोड्या सापळ्यांचा मुख्य उपयोग कीड मोजण्यासाठी असतो: सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा अधिक पतंग सापडले तर आर्थिक नुकसानीची पातळी गाठली गेली असे मानून उपाय करायचा, अशी शिफारस आहे. त्या एका प्रश्नावरून आकडे नोंदवणे, सरासरी काढणे, आलेख काढणे, हंगाम संपल्यावर फरदड ठेवली, म्हणजे जुनीच झाडे आणखी वेचणीसाठी राखली, तर अळीला पुढेही खाद्य कसे मिळत राहते, पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडे, वेळेवर उपटण्याचा सल्ला का दिला जातो, असा आमचा पुढचा अभ्यास आपोआप ठरत गेला. ते पान मुलीने घरी वाचून दाखवले तेव्हा वडिलांनाही तोच प्रश्न होता, असे तिने सांगितले.

वनस्पतींच्या अन्नाविषयीही हाच अनुभव आला. प्रकाशसंश्लेषणाचे समीकरण येणारी मुले, बिजापासून वाढलेल्या पऱ्हाटीचे वजन आले कुठून, असे विचारल्यावर खतातून आणि मातीतून, असे निःशंकपणे लिहितात, कारण शेतकऱ्याच्या घरात खत हेच पिकाचे अन्न समजले जाते. यान बाप्टिस्ट व्हॅन हेल्मोंट या संशोधकाने विलोचे रोप पाच वर्षे कुंडीत वाढवले, झाडाचे वजन सुमारे २ किलोवरून ७५ किलोच्या पुढे गेले आणि मातीचे वजन मात्र काही ग्रॅमच घटले, हा १६४८ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग मी मुलांना सांगितला आणि आधी लिहिलेल्या ओळींखालीच नवा विचार लिहायला लावला. स्वतः व्हॅन हेल्मोंटने वाढलेले सारे वजन पाण्याचे मानले होते. हवेतला कार्बन डायऑक्साइड त्याच्या हिशेबात नव्हता. एवढ्या मोठ्या संशोधकाचा तर्कही अर्ध्या वाटेवर थांबू शकतो, हे कळल्यावर आपले चुकलेले पान फाडून टाकण्याची मुलांची इच्छा कमी झाली, हा मला झालेला अनपेक्षित लाभ.

हे केवळ एका शाळेतील निरीक्षण आहे, असे वाचकांना वाटू नये. लेखनातून शिकणे या विषयावर गेली काही दशके पद्धतशीर संशोधन झालेले आहे. स्टीव्ह ग्रॅहम आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये पहिली ते बारावीच्या वर्गांवरील ५६ प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला आणि विज्ञान, सामाजिक शास्त्रे व गणित या विषयांत लेखनामुळे शिकण्यात माफक पण निश्चित वाढ होते, असा निष्कर्ष काढला. त्याआधी २००४ मध्ये रॉबर्ट बांगर्ट-ड्राउन्स आणि सहकाऱ्यांनी ४८ शालेय लेखन-उपक्रमांच्या निष्कर्षांचा असाच आढावा घेतला होता, आणि तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात लेखन केव्हा उपयोगी पडते आणि केव्हा पडत नाही, हे दिसून आले. आपल्याला काय समजले आणि काय समजले नाही याकडे मुलाचे लक्ष वेधणारे प्रश्न दिले तर लाभ वाढतो. उपक्रम काही आठवड्यांत न गुंडाळता दीर्घकाळ चालला तरी लाभ वाढतो. मात्र लांबलचक लेखन करायला लावले तर तो घटतो. सहावी ते आठवीच्या वयोगटात परिणाम इतरांपेक्षा कमी आढळला, हेही नमूद केले पाहिजे. म्हणजे मधल्या वर्गांत हा उपक्रम अधिक काळजीपूर्वक राबवावा लागेल, आणि विज्ञानावर दोनशे ओळींचे निबंध लिहून घेतल्याने काही साधणार नाही.

विज्ञानाच्या इतिहासातही याला मोठा आधार आहे. लोहाराचा मुलगा असलेला मायकेल फॅरडे लंडनमध्ये पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करत होता. १८१२ मध्ये त्याने रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकली, ती आकृत्यांसह स्वतः लिहून काढली, स्वतः बांधली आणि डेव्ही यांच्याकडे पाठवली. पुढच्याच वर्षी त्याला रॉयल इन्स्टिट्यूशन या विज्ञानसंस्थेत मदतनीस म्हणून काम मिळाले. विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा, म्हणजे चुंबकत्वातून वीज निर्माण करण्याचा, त्याचा प्रयोग २९ ऑगस्ट १८३१ चा. या माणसाला उच्च गणित येत नव्हते. त्याने आपले प्रयोग, शंका आणि फसलेले प्रयत्न रोजनिशीत लिहून ठेवले, परिच्छेदांना क्रमांक दिले, आणि ते क्रमांक १६ हजारांच्या पुढे गेले. चुंबकाभोवतीच्या बलरेषांची कल्पना त्याने शब्दांत आणि चित्रांत मांडली. तिला गणिताचे रूप नंतर भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने दिले. खेड्यातल्या मुलांना शास्त्रज्ञांच्या जन्मतारखा पाठ करायला लावण्यापेक्षा फॅरडेची ही रीत दाखवणे मला अधिक आवश्यक वाटते, कारण त्यासाठी लागते ती वही आणि पेन प्रत्येकाच्या दप्तरात आहे.

आपल्या शेजारचाच एक दाखला तर विदर्भाने विसरू नये. सातपुड्याच्या पलीकडे, मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये किशोर भारती आणि फ्रेंड्स रुरल सेंटर या संस्थांनी ग्रामीण भागातील १६ उच्च प्राथमिक शाळांत विज्ञान शिक्षणाचा एक कार्यक्रम सुरू केला. १९७८ मध्ये तो जिल्हाभर गेला आणि १९८२ पासून एकलव्य संस्थेने तो पुढे नेला. सहावी ते आठवीची मुले गटात प्रयोग करत, दिसलेले स्वतःच्या शब्दांत वहीत लिहीत, आणि त्यांची परीक्षा पुस्तक-वही उघडी ठेवून घेतली जाई. ज्या वहीचा परीक्षेत उपयोग होणार ती वही मूल दुसऱ्याची पाहून कशाला लिहील? २००२ मध्ये तेथील शासनाने हा कार्यक्रम बंद केला, याची मला आजही खंत वाटते. पण साध्या सरकारी शाळांत, साध्या साहित्यावर हे तीस वर्षे चालू शकले, ही गोष्ट कोणाला नाकारता येणार नाही.

आपल्या राज्यानेही अलीकडे एक पाऊल टाकले होते. २०२३-२४ पासून दुसरी ते आठवीच्या पाठ्यपुस्तकांचे भाग करून त्यांत नोंदींसाठी कोरी पाने घालण्यात आली, आणि जानेवारी २०२५ मध्ये तो निर्णय मागे घेण्यात आला. दप्तराचे ओझे हा त्यामागचा मोठा हेतू होता, तो किती साधला याच्या वादात मी शिरत नाही. विज्ञानाच्या धड्याला लागून मुलाच्या स्वतःच्या नोंदीची जागा असणे ही कल्पना मात्र चांगली होती. आमच्या परिसरात मी पाहिले त्या पुस्तकांतील अशी पाने एकतर कोरीच राहिली किंवा त्यांवर फळ्यावरची प्रश्नोत्तरे उतरवली गेली, कारण त्या पानाचे करायचे काय, यावर शिक्षकांशी पुरेसे बोलणे झालेच नाही. पाने गेली असली तरी साध्या दोनशे पानी वहीत हे काम उत्तम होते.

शिक्षकबांधवांच्या हरकती मला माहीत आहेत, कारण आम्ही एकाच स्टाफरूममध्ये बसतो. पहिली हरकत वेळेची. आठवड्यातून एकदा, प्रयोग किंवा निरीक्षण झाल्यावर शेवटची पंधरा मिनिटे, एवढाच वेळ मी देते आणि चारच प्रश्न फळ्यावर लिहिते: आधी काय वाटत होते, काय पाहिले, आता काय वाटते आणि कशावरून, अजून काय कळले नाही. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर कोरे सोडायचे नाही, एवढा एकच नियम आहे. दुसरी हरकत वह्या तपासण्याची, आणि दोन शिक्षकी शाळेत चार-चार वर्ग सांभाळून शासनाची ऑनलाइन माहितीही भरणाऱ्या शिक्षकासाठी ती अगदी खरी आहे. म्हणून प्रत्येक वही दर वेळी तपासूच नये. मुलांनी जोडीने एकमेकांना वाचून दाखवावे, शिक्षकाने पाच-सहा वह्या घ्याव्यात, बरोबर-चूक अशी खूण करण्याऐवजी समासात एक प्रश्न लिहावा, आणि दुसऱ्या दिवशी दोन उतारे नाव न सांगता वर्गात वाचावेत. तिसरी हरकत अशी की शिष्यवृत्तीच्या आणि एनएमएमएस या राष्ट्रीय शिष्यवृत्तीच्या परीक्षेत पर्यायांचे गोल रंगवायचे असतात, तिथे या लेखनाचा काय उपयोग? गावातल्या गरीब घरांना या शिष्यवृत्त्यांचा आधार मोठा आहे आणि त्यांची तयारी आम्ही मन लावून करून घेतोच. पण चुकीचा पर्याय मुलाने का निवडला, हे गोलावरून कळत नाही. त्याला दोन ओळींत कारण लिहायला लावले की कळते, आणि तयारीलाही त्याचा उपयोगच होतो. मोबाइलवर आयते उत्तर मिळण्याची सोय आता खेड्यातही पोहोचली आहे, म्हणून हे लेखन गृहपाठ म्हणून देऊ नये, ते वर्गातच व्हावे.

आपल्या वृत्तपत्राद्वारे शिक्षण विभागाला आणि पाठ्यपुस्तक मंडळाला माझी विनंती अशी आहे. पहिली ते आठवीच्या, वर्षभर चालणाऱ्या आकारिक मूल्यमापनात प्रयोग, स्वाध्याय आणि प्रकल्प यांना आजही स्थान आहे. त्यात मुलाच्या स्वतःच्या नोंदवहीचा स्पष्ट उल्लेख करावा आणि ती शुद्धलेखनासाठी नव्हे तर विचारासाठी पाहावी, अशी सूचना द्यावी. दहावीच्या विज्ञानाला १०० पैकी २० गुण प्रात्यक्षिकाचे असतात. त्यांतील काही गुण छापील जर्नलऐवजी स्वतः लिहिलेल्या निरीक्षणाला आणि न जुळलेल्या निकालाच्या प्रामाणिक स्पष्टीकरणाला द्यावेत. नव्या पुस्तकांच्या स्वाध्यायात व्याख्या आणि फरक यांच्या जोडीला ‘चौथीच्या मुलाला समजेल असे लिहा’, ‘तुमच्या गावात हे कुठे दिसते आणि पुस्तकापेक्षा काय वेगळे दिसते ते लिहा’ असे प्रश्न असावेत. आणि केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, मासिक शिक्षण परिषदेत परिपत्रकांचे वाचन थोडे कमी करून प्रत्येक विज्ञान शिक्षकाने आपल्या वर्गातील चार वह्या सोबत आणाव्यात आणि त्यांतील ओळींवर तासभर चर्चा व्हावी. यासाठी वेगळ्या निधीची गरज नाही. आमच्या केंद्रात येत्या शैक्षणिक वर्षात हे सुरू करण्याची तयारी काही शिक्षकांनी दाखवली आहे. गटशिक्षणाधिकाऱ्यांनी त्यास लेखी परवानगी द्यावी, एवढेच आता बाकी आहे.

कळावे,
आपली विश्वासू,
एक विज्ञान शिक्षिका
ता. राळेगाव, जि. यवतमाळ